वेबसाइटच्या माथ्यावरची पट्टी

माझं काम काय, असं कोणी विचारलं की माझं डोकं सटकतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मराठी मोहल्ल्यातल्या, झाडून साऱ्या काकूंचं मला लग्नात, बारशात, अगदी तेराव्याच्या पंगतीतसुद्धा विचारून झालं आहे, "म्हणजे तू कम्प्युटर सुधरवते का व?" नाही सुधरवत. वेबसाइट उघडली की काय कुठे दिसावं, कोणतं बटण कुठे असावं, आत शिरलेला माणूस हरवू नये म्हणून काय करावं, हे ठरवणं माझं काम. एवढं सांगेपर्यंत काकूंची नजर जिलबीकडे वळलेली असते. मग मीही म्हणते, "हव काकू, सुधरवते," आणि विषय मिटवते.

पण दादाची गोष्ट सांगायची तर थोडं समजावून सांगावंच लागेल. एखादी सरकारी वेबसाइट उघडा. सगळ्यात वर मोठ्या लोकांचे फोटो, खाली खात्याचं नाव, त्याखाली मेनू, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. मुख्यपृष्ठ › स्थापना › अवकाश › नया आवेदन, अशी काहीतरी, म्हणजे रजेचा नवा अर्ज. ती ओळ कोणी वाचत नाही. आमच्या धंद्यात तिला ब्रेडक्रम्ब म्हणतात, म्हणजे पावाचा चुरा. असलं नाव काहून ठेवलं ते मला विचारू नका. आमच्या घरी तिला पट्टी म्हणतात, कारण दादा पट्टी म्हणतो. मागे जायचा बाण असतो ना, त्याला तुम्ही कुठून आलात ते माहीत असतं. पट्टी तसलं काही सांगत नाही. ती सांगते की तुम्ही आत्ता कुठे आहात. शाखा कोणती, शाखेतलं काम कोणतं, कामातलं पान कोणतं. एवढंच तिचं काम आहे.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपुरात एका संचालनालयात तो स्थापना शाखेत आहे. लोकांच्या रजा, बदल्या, सेवापुस्तिका यांच्या नोंदी करतो. करायचा, म्हणायला पाहिजे आता. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला असा आजार आहे की समोरचं मधलं दिसणं हळूहळू गेलं आणि कडेचं थोडं उरलं. तुमच्याशी बोलताना तो तुमच्या कानाकडे बघतो, म्हणजे त्याला तुमचं तोंड थोडं दिसतं. नवीन माणसाला वाटतं, हा लक्ष देऊन नाही राहिला. खरं म्हणजे तो जीव तोडून बघत असतो.

कम्प्युटरवर तो अक्षरं इतकी मोठी करतो की पडद्यावर दोन-तीन शब्द मावतात. बाकीचं एक यंत्रातली बाई त्याच्या कानात वाचून दाखवते. पडद्यावर जे असेल ते ती हिंदीत बोलते, एका सुरात, न थकता. खात्याचं जुनं पोर्टल दिसायला भयंकर होतं. शेंदरी रंग, गिचमिड अक्षरं, कुठल्या काळचं कोण जाणे. पण त्यात पट्टी होती. नवं पान उघडलं की ती बाई आधी पट्टी वाचायची: मुख्यपृष्ठ, स्थापना, अवकाश, नया आवेदन. दादा ऐकायचा, मान हलवायचा, आणि कामाला लागायचा. तुम्ही-आम्ही पान उघडतो, एक नजर टाकतो आणि आपल्याला कळतं की आपण कुठे आलो. ती एक नजर त्याच्याकडे नव्हती. तिच्या जागी पट्टी होती. एवढ्या एका ओळीवर त्यानं डोळे जात असतानाची सारी वर्षं नोकरी केली, आणि चोख केली.

नोकरी जायची भीती नव्हती, हे आधी सांगून टाकते, कारण सगळे तेच विचारतात. कायदा आहे. डोळे गेले म्हणून सरकारी माणसाला काढता येत नाही, पगार पूर्ण मिळतो. पण त्याच्या हातातलं काम काढून घेता येतं. दादाच्याच मजल्यावर लकवा झालेले एक बाबूजी होते. त्यांना दारापाशी खुर्ची दिली होती. येणारा-जाणारा नमस्कार करायचा, चहा पाजायचा. दुपारी ते तिथेच झोपायचे. दादा एकदा जेवता जेवता म्हणाला, "लय मान देतात बाप्पा त्यायले. कोणी काही विचारत नाही, कोणी काही सांगत नाही." मग घास तसाच हातात धरून म्हणाला, "मले तसं नाही बसायचं." वहिनी म्हणाली, "तुम्हाले कोण बसवून राहिलं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत समता कॉलनीतल्या आमच्या कंपनीला त्याच खात्याच्या नव्या पोर्टलचं काम मिळालं. कंपनी म्हणजे दातांच्या दवाखान्यावरच्या माळ्यावर आम्ही मूठभर माणसं. मालकाला सगळे भैया म्हणतात. डिझाइन माझ्याकडे आलं. मी तशीच उठून दादाकडे गेले. माझं सासर त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडेच. मला वाटलं होतं तो खूश होईल. तो आधी घाबरला.

"तिकडे माझं नाव घेऊ नको," तो म्हणाला. "म्हणतील, बहिणीनं भावासाठी सरकारी वेबसाइट बनवली."

"अरे, पण तुझ्यासाठी नाहीच आहे ती! पट्टी सगळ्यांसाठीच लागते. नियमातच आहे."

"मग नियमानं कर. माझ्या नावानं नको."

आडनाव लग्नानंतर बदललेलं, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं. मी कबूल केलं.

मग मी जे काम केलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम होतं. हे मी बढाई म्हणून नाही सांगत, चीड म्हणून सांगते. प्रत्येक शाखेत जाऊन बसले. कोण काय शोधतं, कुठे अडतं, ते बघितलं. निवृत्त माणूस पेन्शनचं पान शोधायला आधी लेखा शाखेत जातो, म्हणून पेन्शन लेखाच्या आत ठेवलं. प्रशिक्षणाची नावं स्थापनेतून जातात, म्हणून प्रशिक्षण स्थापनेत ठेवलं. आणि साऱ्याच्या वर पट्टी घातली, स्वच्छ, मोठी, प्रत्येक शब्दावर बोट ठेवलं की त्या पानावर नेणारी.

एका रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन दादाकडे गेले. वहिनीनं चीला केला होता, तांदळाच्या पिठाचं धिरडं. दादानं एका हातानं खात दुसऱ्या हातानं ते पोर्टल चालवलं. बाई बोलत होती, तो ऐकत होता, कळा दाबत होता. मी मुद्दाम त्याला भलत्याच पानावर नेऊन सोडलं. त्यानं पट्टी ऐकली, "पेन्शनमधे काहून आणून टाकलं व मले?" म्हणाला, आणि दोन कळांत परत रजेच्या पानावर जाऊन बसला. मग स्वतःच हसला. इतका हसला की चीला घशात अडकला आणि वहिनीला पाणी आणावं लागलं. "जुन्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला. "हे असलं तर मी रिटायर होईस्तोवर करतो." मी त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात एकटीच हसत होते, वेड्यासारखी.

पुढची सभा नवा रायपुरात झाली. तिकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, एवढे रुंद आणि एवढे रिकामे की ऑटोवालाही जायला नाही म्हणतो. भैयाच्या गाडीतून गेलो. गार सभागृह, मोठा पडदा, प्लेटीत काजू आणि बिस्किटं, टेबलाभोवती सगळ्या शाखांचे अधिकारी, मधे बडे साहेब. दादा त्या सभेत नव्हता, त्याच्या पातळीच्या माणसांना बोलावत नाहीत. मी पानामागून पान दाखवत गेले. सगळे माना डोलवत होते. रंग आवडला, फोटो आवडले. मग पेन्शनचं पान उघडलं आणि पेन्शन कक्षाच्या अधिकाऱ्यानं काजू तोंडात टाकता टाकता हात थांबवला.

"मॅडम, ये ऊपर क्या लिखा है?"

मी वाचलं. मुख्यपृष्ठ, लेखा, पेंशन.

"हमारा कक्ष लेखा के अंदर कब से आ गया?"

मी हसले. मला वाटलं गंमत करतोय. मी म्हटलं, सर, हा फक्त वेबसाइटवर पान सापडायचा रस्ता आहे, कोण कोणाच्या हाताखाली आहे ते नाही. तो म्हणाला, "तो रास्ते में उनका नाम पहले क्यों आ रहा है? हमारी फ़ाइल सीधे साहब के पास जाती है." तेवढ्यात लेखावाला खुर्चीत मागे रेलला आणि नुसता गालात हसला. ते हसणं पाहून पेन्शनवाला उभाच राहिला. मग प्रशिक्षणवाल्याला जाग आली. त्यानं स्वतःचं पान उघडायला लावलं, वर स्थापना दिसलं, आणि त्यानं काजूची प्लेटच बाजूला सारली. काय सांगू तुम्हाला! शिकलेली, केस पांढरे झालेली माणसं, आणि एका बारीक ओळीवरून भांडून राहिले. कोणाची खोली कधीपासून स्वतंत्र आहे, कोणाचा शिक्का वेगळा आहे, कोणाच्या दारावर कोणती पाटी आहे. माझं डिझाइन गेलं बाजूला. ती पट्टी पडद्यावर तशीच होती आणि प्रत्येक जण तिच्यात आपली जागा बघून जळत होता.

बड्या साहेबांनी हात वर केला. ते सज्जन माणूस, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "झगड़े की क्या बात है. सब कक्ष, सब काम, सीधे मुख्यपृष्ठ पर रख दीजिए. न कोई ऊपर, न कोई नीचे." टेबलाभोवती लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. एकानं तर टाळी वाजवली. मग साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, "और ये लाइन हटा दीजिए मॅडम. जब कोई किसी के अंदर है ही नहीं, तो ये किसलिए?"

मी उभी राहिले. भैयानं टेबलाखालून माझी ओढणी ओढली, मी बसले नाही. मी सांगितलं की आता शाखांतलं प्रत्येक पान एकाच पातळीवर येईल, 'नया आवेदन' नावाचीच कितीतरी पानं आहेत, रजेचं वेगळं, बदलीचं वेगळं, अग्रिमाचं, म्हणजे उचलीचं, वेगळं, ती ओळखायची कशी? साहेब म्हणाले, पान उघडलं की दिसेलच. मी म्हटलं, ज्यांना कमी दिसतं त्यांचं काय? नाव घेतलं नाही. दादाला शब्द दिला होता ना. पण नाव घ्यायची गरजच नव्हती. साहेबांच्या चेहऱ्यावर एकदम माया आली.

"अच्छा, वो स्थापना वाले हमारे भैया," ते म्हणाले. "उनकी आप चिंता मत कीजिए. बहुत इज़्ज़त है उनकी यहाँ. उनको अब क्यों तकलीफ़ देनी? आराम से बैठें, पूरी तनख़्वाह मिलेगी."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरोखर मायेनं हलवल्या. कोणी दुष्ट असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. या मायेशी कसं भांडायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी खाली बसले आणि समोरचं बिस्किट कुस्करत राहिले.

परतताना भैयाला गाडीत जे बोलायचं ते बोलले. भैया म्हणाला, "दीदी, क्लाइंट जो बोले." मी म्हटलं, क्लाइंट काहीही बोलेल, आपण काहून माना डोलवायच्या? त्यानं रेडिओ लावला. मग मी माझ्यापरीनं एक मार्ग काढला. डोळ्यांना न दिसणारी पण त्या बाईला वाचता येणारी ओळ पानात ठेवता येते, आमच्याकडे तशी पद्धत आहे. मी प्रत्येक पानात तशी ओळ घातली, शाखेचं नाव, कामाचं नाव, सगळं. कोणाला दिसणार नव्हतं, कोणाचा मान जाणार नव्हता. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "चोरून कशाले?" पण ऐकून घेतलं.

पोर्टल सुरू व्हायच्या आधी त्याची सुरक्षेची तपासणी होते. तपासणाऱ्यांना प्रत्येक पानात ती लपलेली ओळ सापडली. त्यांचं काही चुकलं नाही, लपलेलं शोधणं हेच त्यांचं काम. मंजूर डिझाइनमधे नाही, असा शेरा मारून त्यांनी ती काढून टाकली. मी फोन केले, मेल लिहिले, नियमांची पानं जोडली. उत्तर आलं की पुढच्या टप्प्यात विचार करू. पुढचा टप्पा कुठे आहे देव जाणे.

पोर्टल सुरू झालं. फीत कापली, फोटो निघाले. दादानं पहिल्याच आठवड्यात एका बाईचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज बदलीच्या पानावर भरला. दोन्हीकडे त्याच्या कानात तेच आलं होतं: नया आवेदन. त्या बिचाऱ्या बाईला, पोट पुढे आलेलं, बदली कुठे हवी म्हणून विचारणा गेली. ती रडत ऑफिसात आली. दादानं तिची माफी मागितली. त्याला कोणी रागावलं नाही. शाखेच्या अधिकाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की काही दिवसांनी ट्रेनिंग आहे, तोवर पोर्टलला हात नका लावू, ट्रेनिंगमधे जमलं तर बघू. जमलं तर!

तेव्हा मात्र दादा इरेला पेटला. रोज ऑफिसची बस तात्यापाऱ्याच्या तोंडाशी सोडायची आणि तो घरी न जाता सरळ माझ्याकडे यायचा. पट्टी नाही तर नाही, तो म्हणाला, मी पाठ करतो. मुख्यपृष्ठावर चौकोनच चौकोन होते, सगळ्या शाखांची सगळी कामं एकसारख्या रंगात. त्यांची नावं खात्यानं चित्रांत घातलेली, म्हणून बाई प्रत्येकाला नुसतं 'चित्र' म्हणायची. रजेचा चौकोन कितवा, बदलीचा कितवा, कोणत्या कळेनं किती वेळा पुढे जायचं, हे त्यानं पाढ्यासारखं पाठ केलं. माझ्या लॅपटॉपवर पोर्टलची सरावाची प्रत होती, तिच्यावर मी उलटतपासणी घ्यायची. आधी चुकायचा, चिडायचा, माझ्यावर खेकसायचा, "थांब ना बे जरा!" मग चुकणं कमी झालं. शेवटी शेवटी तो न थांबता रजेच्या पानावर जायचा, अर्ज भरायचा, परत यायचा, बदलीत जायचा. वहिनी त्याला न्यायला यायची आणि दारात उभी राहून बघायची. एकदा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "जमते ना व त्यायले? खरं सांगा." मी म्हटलं, जमते. खरंच जमत होतं.

ट्रेनिंगला शिकवायला कंपनीनं मलाच पाठवलं. डिझाइन मी केलं, मग शिकवणार मीच, सरळ हिशेब. कम्प्युटरची खोली भरली होती, ओळीनं माणसं बसलेली. दादा शेवटच्या रांगेत भिंतीकडेला होता, कानात इयरफोन, हात कळांवर ठेवून तयार. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघत होता, पण ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

मी मोठ्या पडद्यावर मुख्यपृष्ठ उघडलं. चौकोन जागेवर नव्हते. रजा होती तिथे काहीतरी भलतंच. मी पान पुन्हा उघडलं. परत वेगळं. शेजारी उभ्या असलेल्या ऑफिसच्या कम्प्युटरवाल्याला हळूच विचारलं, हे काय झालं? तो अभिमानानं म्हणाला, "कल ही करवाया है मॅडम. अब हर बार क्रम अपने आप बदलेगा. पहले कुछ कक्ष हमेशा ऊपर रहते थे, बाक़ियों को बुरा लगता था."

खोलीतली माणसं माझी वाट बघत होती. मी काय करणार होते? ट्रेनिंग बंद करून ओरडणार होते? मनात तर तेच होतं. सगळ्यांसमोर रडावं असंही वाटलं. पण शेवटच्या रांगेत एक माणूस माझ्याकडून शिकायला बसला होता. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली. "सबसे पहले अवकाश वाला चौकोर ढूँढिए," मी म्हटलं. सगळ्यांनी नजर फिरवली, कोणाला वर सापडला, कोणाला खाली, सगळ्यांनी दाबला. दादानं पाठ केल्याप्रमाणे कळा मोजल्या आणि दाबलं. मला लांबून त्याचा पडदा दिसत होता. तो अग्रिमाच्या पानावर गेला होता.

त्याच्या कपाळावर आठी आली. तो परत गेला, परत मोजलं, परत दाबलं. या खेपेला तिसरंच पान. मग त्यानं हात वर केला. माझा दादा, ज्यानं मला सायकल शिकवली, जो मला आजपर्यंत पोट्टी म्हणतो, त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं, आदरानं विचारलं, "मॅडम, मैं अभी कौन से पन्ने पर हूँ?"

मी सांगितलं, प्रशिक्षण. माझ्या पडद्यावर अवकाश त्याच्या खालच्या रांगेत होता, तिसरा, तेच सांगितलं. तो म्हणाला, "जी." पान पुन्हा उघडलं. ते पुन्हा बदललं. हात पुन्हा वर आला. "मॅडम, अब?" मी जवळ जायला निघाले, तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, मॅडम, आगे बढ़िए, हमारी बस का टाइम हो रहा है. वाईट माणूस नव्हता तो. त्याला बसच हवी होती. दादानंही ते ऐकलं. त्यानं हात खाली घेतला. मी म्हटलं, "भैया, मैं आ रही हूँ," आणि त्यानं मान हलवली, नको म्हणून.

मग त्यानं कानातला इयरफोन काढला, वायर बोटांवर नीट गुंडाळली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी पुढे शिकवत गेले. रजा, बदली, अग्रिम, पेन्शन, एकेक करून. माझा आवाज मलाच परका वाटत होता. शेवटच्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी तिकडेच बघत होते. तो अजिबात हलला नाही. मी जे बोलत होते ते मात्र तो ऐकत होता, कान माझ्याकडे करून, लक्ष देऊन, शेवटपर्यंत.

संपल्यावर अधिकाऱ्यानं माझे आभार मानले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आप अब आराम कीजिए भैया." दादा म्हणाला, "जी साहब." एवढंच. त्याला पोर्टलचं काम परत द्यायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. त्यानंही काढला नाही.

बस गेली होती. आमच्या मालकाची, भैयाची, गाडी मला न्यायला आली होती, तिच्यातून मी त्याला घरी आणलं. नवा रायपुरापासून तात्यापाऱ्यापर्यंत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी एकदा म्हटलं, दादा, मी साहेबांकडे परत जाते, लेखी देते. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, मी तो क्रम बदलायचा मूर्खपणा बंद करवते. तो म्हणाला, नको व. मग मला रडू आलं. त्याला दिसलं नसेल, पण आवाज कळला असणार. त्यानं हात चाचपत पुढे केला, माझ्या डोक्यावर ठेवला, आणि म्हणाला, "चांगलं शिकवते व तू, पोट्टे. साऱ्यायले समजलं."